कांदा काढणी, जत्रा आणि सीईटी

बारावीचे लेखी पेपर मार्चमध्ये संपतात आणि सीईटी एप्रिल-मेमध्ये येते. मधले हे आठवडे म्हणजे शिरूर आणि दौंड तालुक्यांत उन्हाळ कांदा काढायचे, शिल्लक ऊस कारखान्याला घालवायचे, गावोगावच्या जत्रांचे आणि लग्नांचे दिवस. परीक्षेवरच्या बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की शेवटचा महिना उजळणीसाठी मोकळा ठेवा. न्हावऱ्यातल्या किंवा राहूतल्या घरात हा महिना आपोआप मोकळा होत नाही. तो ठरवून, भांडून, पाहुण्यांना नाही म्हणून मोकळा करावा लागतो. अकरावी-बारावीत मूल असलेल्या घराला माझं मुख्य सांगणं हेच आहे: मुलाला क्लास लावण्याआधी तास द्या. फीचे पैसे उसनेपासने करून उभे राहतात, वाया गेलेली संध्याकाळ परत येत नाही.

म्हणून आधी एक काम करा. एका साध्या आठवड्याचा हिशेब मुलाला शेजारी बसवून कागदावर मांडा. किती वाजता उठतो, एसटीची वाट किती वेळ पाहतो, प्रवासाला किती, कॉलेजला किती, क्लासला किती, घरी आल्यावर जनावरांचं आणि मोटरीचं काम किती, मोबाइल किती. खरे आकडे लिहा, रागावू नका. शेवटी बघा की स्वतः वही-पेन घेऊन, कोणाचं न ऐकता, गणितं सोडवायला दिवसाला किती तास उरतात. क्लासमध्ये फळ्याकडे बघत बसलेला वेळ यात धरायचा नाही. कोणी उत्तम समजावून सांगितलं की आपल्याला येतं असं वाटतं, आणि घरी तेच उदाहरण रिकाम्या पानावर करताना दुसऱ्याच ओळीला अडतं. सीईटीत गुण मिळतात ते या दुसऱ्या ओळीवर. हा स्वतःचा वेळ तीन तासांच्या खाली असेल तर आणखी एक क्लास लावून काही साधणार नाही. काहीतरी कमी करावं लागेल.

बहुतेक घरांत कमी करण्यासारखी पहिली गोष्ट प्रवास असते. यवत, केडगाव, पाटस या रेल्वेमार्गावरच्या गावांतली मुलं हडपसरला किंवा पुण्यात क्लासला जातात. शिरूरकडची मुलं नगर रस्त्याने वाघोलीपर्यंत जातात. नकाशावर अंतर फार वाटत नाही, पण शिक्रापूरच्या चौकात आणि वाघोलीला गाडी अडकली की जाऊन-येऊन चार तास सहज जातात. हे चार तास रोज देऊन शिकवणीचे दोन तास मिळत असतील, तर तो व्यवहार तोट्याचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज नियमित करा. अडलेल्या प्रकरणांपुरती ऑनलाइन व्याख्यानं पाहा. दर आठवड्याला एक चाचणी घड्याळ लावून द्या. एवढं केलं तर पुण्याला जाणाऱ्या मुलापेक्षा तुमचं मूल अभ्यासाला जास्त वेळ बसेल, आणि बसताना दमलेलंही नसेल.

शिरूरच्या उत्तरेकडच्या ऊसपट्ट्यात याला दुसरी बाजूही आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड आणि जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. त्या भागात संध्याकाळी सातची बॅच निवडणं म्हणजे मुलाने अंधारात उसाच्या कडेने घरी येणं. क्लास कितीही नावाजलेला असो, उजेडी घरी पोचता येईल अशीच वेळ घ्या. तशी वेळ देत नसतील तर दुसरा क्लास बघा. मुलींसाठी एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. तो जूनमध्येच कॉलेजमार्फत काढून घ्या. गाडीची वेळ गैरसोयीची असेल तर आठ-दहा पालकांनी मिळून, कॉलेजचं पत्र घेऊन आगारात जा. एकट्याच्या अर्जापेक्षा या पत्राला वजन असतं.

दहावीचा निकाल लागला की लातूरचा विषय निघतोच. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं, ते राजर्षी शाहू आणि दयानंदसारख्या तिथल्या कॉलेजांमुळे. त्याचं मर्म थोडक्यात सांगायचं तर सततच्या चाचण्या, लगेच तपासणी आणि चुकलेलं परत करून घेणं. यातली एकही गोष्ट लातूरच्या हवेत नाही. ती शिरूरच्या घरातही करता येते, मात्र कोणीतरी नेटाने करून घ्यावी लागते. सोळा वर्षांचं मूल घराबाहेर ठेवायचं की नाही हे त्याच्या मार्कांवर ठरवू नका, स्वभावावर ठरवा. जे मूल स्वतः उठतं, मेसचं जेवण नाही आवडलं तरी जेवतं, अडलं की विचारतं, ते तिथे टिकतं. जे घरच्या माणसांच्या आधाराने चालतं, ते पहिल्याच दिवाळीला खचून परत येतं, आणि ते वर्ष भरून निघायला फार वेळ लागतो.

एक मार्ग आपल्या अगदी शेजारी असूनही पालकांना ठाऊक नसतो. पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातच, पिंपळे जगतापला आहे. शेजारच्या खेड तालुक्यात कडूसला दक्षणा फाउंडेशनचं निवासी केंद्र आहे. नवोदय आणि इतर सरकारी शाळांतल्या मुलांना निवड परीक्षेतून घेऊन तिथे जेईई-नीटची मोफत तयारी करून घेतात. धाकटं भावंड पाचवीत असेल तर नवोदयच्या परीक्षेचा विचार आत्ताच करा. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरच्या महाज्योती संस्थेचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटा मिळतो. त्याचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात आणि मुदत लवकर संपते. आयआयटी कानपूरने केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयासाठी चालवलेलं ‘साथी’ हे संकेतस्थळ तर कोणालाही फुकट वापरता येतं. फी भरायला जमीन गहाण टाकायचा विचार मनात आला, तर त्याआधी हे दरवाजे ठोठावून बघा.

एकच परीक्षा पुढे ठेवा

राज्यातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटी, डॉक्टरकीसाठी नीट, आयआयटी-एनआयटीसाठी जेईई. मुलं तिन्हींचे फॉर्म भरतात आणि अभ्यास कोणत्याच परीक्षेचा पुरा होत नाही. अकरावीच्या दिवाळीपर्यंत मुख्य परीक्षा ठरवा, बाकीच्या जाता-जाता द्यायच्या. ठरवताना आसपास काय आहे तेही पाहा. शिरूरपासून जवळ, आंबेगाव तालुक्यात अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दौंडकरांना बारामती हाकेच्या अंतरावर. तिथे अभियांत्रिकीही आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि पुण्याचं कृषी महाविद्यालयही लांब नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत यंत्रं आणि रसायनं जवळून पाहिलेल्या घरांतल्या मुलांनी फार्मसी किंवा केमिकल निवडायला लाजू नये. कृषी प्रवेशात शेतकरी कुटुंबातल्या मुलांना गुणांचा अधिभार मिळत आला आहे. त्यामुळे सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका काय म्हणते, हे घरात आधीच बघून ठेवा.

आता सीईटीचा पेपर कसा असतो ते नीट समजून घ्या, कारण अभ्यासाची दिशा तिथून ठरते. पीसीएम गटाला पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न, एकेका गुणाचे. नंतरच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, दोन-दोन गुणांचे. एकूण २०० गुण. पीसीबी गटाला गणिताऐवजी जीवशास्त्राचे १०० प्रश्न असतात. म्हणजे भौतिक-रसायनाच्या एका प्रश्नाला एक मिनिटही पुरतं मिळत नाही, ५४ सेकंद मिळतात. गणिताला १०८. आपली मुलं हुशार असूनही मागे पडतात ती इथे. वर्षभर त्यांनी गणितं घड्याळाशिवाय सोडवलेली असतात. डिसेंबरनंतर घरातला प्रत्येक सराव वेळ लावूनच झाला पाहिजे.

सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, येत नसेल तर शेवटच्या दोन मिनिटांत अंदाजाने खूण करायची. नीटमध्ये याच्या उलट आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. तिथे सोडून देणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. दोन्ही देणाऱ्या मुलाने हा फरक सराव चाचणीतच अंगी मुरवावा, परीक्षागृहात आठवू म्हणू नये. २०२६ पासून सीईटी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि मेमध्ये, घ्यायचं राज्याने ठरवलं आहे. दोन्ही दिल्या तर चांगला निकाल धरला जाईल. पण पहिल्या खेपेला गंमत म्हणून बसायचं आणि खरा अभ्यास दुसरीसाठी ठेवायचा, असं मुलाला करू देऊ नका. दुसरी खेप जत्रांच्या आणि उन्हाच्या ऐन भरात येते.

सीईटीला साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. २०० पैकी ४० गुण अकरावीचे. जेईई आणि नीटमध्ये अकरावीचा वाटा याहून कितीतरी मोठा, जवळपास निम्मा. आणि नेमकी अकरावीच आपल्याकडे ‘आरामाचं वर्ष’ म्हणून सोडली जाते. बोर्डाची परीक्षा नाही, कॉलेजात पास करतात, दहावीचा थकवा असतो. मला या गोष्टीची फार कळकळ वाटते, कारण बारावीच्या जानेवारीत घाबरून आलेल्या मुलाला मदत करायला हातात काहीच उरत नाही. अकरावीची गती, प्रकाश, उष्णता, रसायनातली मूलतत्त्वं कच्ची असतील तर बारावीचं शिकवलेलं त्यावर टिकत नाही. अकरावीच्या जूनमध्ये रोज दोन तास बसलेलं मूल बारावीच्या जानेवारीत रोज दहा तास बसणाऱ्याच्या पुढे असतं.

पुस्तक कोणतं, तर सीईटीसाठी बालभारतीचं. प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर येतात आणि ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. चार प्रकाशनांची जाडजूड पुस्तकं घेऊन टेबल भरण्यापेक्षा पाठ्यपुस्तकाचा धडा ओळ न ओळ वाचणं, त्यातली सोडवलेली उदाहरणं उत्तर झाकून स्वतः करणं आणि धड्याखालचा स्वाध्याय पूर्ण करणं, एवढं आधी व्हावं. नंतर मागच्या वर्षांचे प्रश्न. नीटसाठी मात्र एनसीईआरटीचं जीवशास्त्र तितक्याच बारकाईने वाचावं लागतं, त्याला दुसरा पर्याय नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा पहिला धक्का भाषेचा असतो. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘अपवर्तन’ म्हणणाऱ्या मुलापुढे अकरावीला एकदम ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘रिफ्रॅक्शन’ येतं, आणि आपल्याला विज्ञानच येत नाही असं त्याला वाटायला लागतं. खरं तर त्याला विज्ञान येत असतं, फक्त नावं बदललेली असतात. जून-जुलैत एक छोटी वही करा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, रोज दहा-बारा. दिवाळीपर्यंत भीती जाते. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा पेपर मराठीतूनही घेता येतो, गणित मात्र इंग्रजीतूनच असतं. नीटही मराठीतून देता येते. पण भाषांतरात काही गोंधळ झाला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानतात. म्हणून मराठी निवडलं तरी इंग्रजी प्रश्न वाचता आलाच पाहिजे.

चुकांची वही

अभ्यासाच्या सगळ्या सल्ल्यांतला एकच पाळायचा ठरवलात तर हा पाळा. शंभर पानी साधी वही. प्रत्येक चाचणीनंतर चुकलेला प्रश्न, बरोबर उत्तर आणि का चुकलं, एवढंच त्यात लिहायचं. ‘का’ मात्र प्रामाणिकपणे. एखादं पान साधारण असं दिसेल: ‘उष्णता, प्रश्न ३२. सूत्र बरोबर. सेल्सिअसचं केल्व्हिन केलं नाही.’ त्याखाली: ‘रेषा, प्रश्न ९. वजा चिन्ह पुढच्या ओळीत उतरवायला विसरलो.’ त्याखाली: ‘प्रश्न ४१. नीट वाचलाच नाही, चुकीचं विधान कोणतं असं विचारलं होतं.’ त्याखाली: ‘प्रश्न ४७. अजिबात येत नव्हतं, धडा राहिलाय.’

महिनाभरात या वहीत एक गोष्ट उघडी पडते. ‘येत नव्हतं’ असे प्रश्न वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. निष्काळजीपणाचे, घाईचे, न वाचल्याचे जास्त. अशा मुलाला नवा धडा शिकवून गुण वाढत नाहीत. त्याला प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द थांबून हेरायची सवय लावली की वाढतात. उलट ज्याच्या वहीत ‘धडा राहिलाय’ हेच पुनःपुन्हा येतं, त्याने चाचण्या थोड्या कमी करून आधी धडे भरून काढावेत. सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही तो यामुळेच, आणि तुमच्या मुलाचं औषध त्याच्याच वहीत लिहिलेलं सापडतं.

न शिकलेले आई-वडीलही ही वही पाहू शकतात. भौतिकशास्त्र कळायची गरज नाही. रविवारी संध्याकाळी जेवणानंतर मुलाला विचारा, या आठवड्यात वहीत किती चुका आल्या आणि मागच्या आठवड्यातली कोणती चूक पुन्हा झाली. तो सांगेल, तुम्ही ऐका. मार्क विचारण्यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी आहे, आणि त्याला उत्तर देताना मूल खोटं बोलत नाही, कारण त्यात रागावण्यासारखं काही नसतं.

सीईटी आणि जेईई संगणकावर असते. आपल्या बऱ्याच मुलांनी माउस कधी हातात धरलेला नसतो, सगळं मोबाइलवर. पडद्यावरचा लांबलचक प्रश्न वाचायचा, कागदावर आकडेमोड करायची, मान वर करून परत तोच प्रश्न शोधायचा, याची सवय लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा ओळखीच्या ठिकाणी संगणकावर निदान आठ-दहा पूर्ण चाचण्या द्या. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सरावाचा नमुना असतो, त्यापासून सुरुवात करा.

सीईटीच्या नादात बारावी सोडून देऊ नका. इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. नीटला पीसीबीमध्ये ५० आणि ४०. जेईईच्या मार्गाने एनआयटीला जायचं तर बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींना ६५. ‘कॉलेज नावापुरतं, बसायचं क्लासमध्येच’ अशी व्यवस्था घेणाऱ्यांची मुलं प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत उपकरण हातात घेताना थरथरतात.

कागदपत्रं: हे काम मुलाचं नाही, तुमचं

चांगले पर्सेंटाइल घेतलेली मुलं एका दाखल्यासाठी खुल्या प्रवर्गात ढकलली जातात, हे दर वर्षी होतं. त्याचं वाईट वाटतं, कारण यात मुलाची काहीच चूक नसते. अकरावीतच कामाला लागा. जातीचा दाखला असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला टाका. त्याला जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेच्या रजिस्टरचा उतारा, नाहीतर महसुली नोंद. ते शोधायला मूळ गावी जाऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत बसावं लागतं. मे महिन्यात शाळा बंद असते, हे लक्षात ठेवा.

नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षासाठी चालणारं हवं. केंद्राच्या परीक्षांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि त्या आर्थिक वर्षात १ एप्रिलनंतर काढलेला लागतो, राज्याचा चालत नाही. मराठा समाजातल्या मुलांच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो. एसईबीसी हा प्रवर्ग राज्यापुरता आहे, नीट-जेईईच्या केंद्रीय जागांसाठी तो नाही. तिथे पात्र असाल तर ईडब्ल्यूएसचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा लागतो. तहसील आणि प्रांत कार्यालयात जूनमध्ये रांगा लागतात. त्या वर्षी १ एप्रिलनंतरच काढायचे दाखले सोडले, तर बाकीची कामं आदल्या ऑगस्टमध्ये निवांत होतात.

फॉर्म भरताना एका गोष्टीला जपा. नेट कॅफेत किंवा सेतू केंद्रात घाईने फॉर्म भरला जातो, आणि मोबाइल नंबर व ईमेल तिथल्याच माणसाचा टाकला जातो. पुढे प्रवेशफेरीच्या वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो, तो गावाला गेलेला असतो, आणि इकडे मुदत संपते. मुलाचं स्वतःचं ईमेल काढा, आई किंवा वडिलांचा कायम चालू असलेला नंबर द्या, लॉगिन आणि पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कपाटात ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय ना हेही आधी पाहा. आधारवर ‘भाऊसाहेब’ आणि प्रमाणपत्रावर ‘बाळासाहेब’ असं वडिलांचं नाव असेल तर ते परीक्षेआधीच दुरुस्त करून घ्या.

परीक्षेचं केंद्र पुण्यात किंवा अहिल्यानगरला येऊ शकतं. नीट दुपारी दोनला सुरू होते आणि फाटक दीड वाजता बंद होतं. त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी आत सोडत नाहीत. नगर रस्त्यावर लग्नाची तिथी असेल त्या दिवशी सकाळी निघून वेळेत पोचण्याचा भरवसा कोणी देऊ नये. आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्कामाला जा, केंद्र आदल्या संध्याकाळीच पाहून या. दौंडहून जाणार असाल तर ठरवलेल्या गाडीच्या आधीची गाडी धरा. नीटला हाफ बाह्यांचा साधा शर्ट आणि साधी चप्पल घालून जा, अंगावर धातूचं काही नको. गळ्यातला बदाम, हातातलं कडं घरीच काढून ठेवा. फाटकावर ते काढायला लागलं की मुलाचं मन तिथेच विचलित होतं.

आता घरातल्या वातावरणाबद्दल. मार्चपासून परीक्षा होईपर्यंत मुलाला कांदा काढायला नेऊ नका, मजूर मिळत नसतील तरीही. घरात कार्य असेल तर मुलाने अक्षतांपुरतं यावं, पाहुण्यांना ते आधीच सांगून ठेवा. जत्रेचे दोन-तीन दिवस भोंग्यांचा आवाज असतो, तेव्हा त्याला मामाकडे किंवा मावशीकडे पाठवून द्या. झोप सहा-सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याचा दुपारच्या पेपरात डोळा लागतो. आणि चुलत भावाला किती पडले हे त्याच्यासमोर काढू नका. त्याला ते आधीच माहीत असतं.

मूल जेवेनासं झालं, मित्रांना टाळू लागलं, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’ असं म्हणू लागलं, तर परीक्षेची तारीख बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोला. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये आजच घालून द्या. फोन आई-वडिलांनी केला तरी चालतो.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातल्या शंभरातले साधारण नव्वद आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे ७० पर्सेंटाइलला ‘डिस्टिंक्शन’ समजून पेढे वाटायचे नाहीत आणि रडायचंही नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ उघडून कुठे बसतो ते पाहायचं. केंद्रीभूत प्रवेशाच्या म्हणजे कॅप फेरीचा पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर खरोखर हवं तेच कॉलेज टाका. पहिल्या पसंतीचं मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. यादी भरण्याआधी एखाद्या कामाच्या वारी मुलाला घेऊन अवसरीला, बारामतीला जाऊन या. वर्ग चालू आहेत का, वसतिगृहात जागा आहे का, शेवटच्या वर्षाची मुलं काय सांगतात ते ऐका.

फीच्या धास्तीने मुलीला इंजिनिअरिंग नको म्हणणारी घरं अजूनही आहेत. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. पण ती कॅप फेरीतून घेतलेल्या प्रवेशालाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून ‘जागा पक्की करतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरले की हक्क जातो. म्हणून कोणालाही आगाऊ रक्कम देण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढा, फेऱ्या पूर्ण होऊ द्या, आणि प्रवेश झाला की त्याच आठवड्यात महाडीबीटीच्या संकेतस्थळावर मुलीच्याच लॉगिनने अर्ज भरा.